रबरी विटांची खाण

पिपरझरीच्या कोळसा खाणीचा गोरा मॅनेजर देश सोडून विलायतेला गेला, तेव्हा बंगल्यात मागे एक म्हातारी कुत्री राहिली आणि एक खोका. कुत्री गफ्फार मिस्त्रीनं घरी नेली. खोका क्लबात आला. पुढं जे झालं ते पाहता कुत्री क्लबात आणि खोका गफ्फारच्या चुलीत गेला असता तर बरं झालं असतं, पण आमच्या खाणीत कोणतीच वस्तू बरोबर जागी जात नसे.

खोक्यात लाल रबराच्या विटा होत्या. काड्यापेटीपेक्षा लहान. प्रत्येकीच्या बुडाला दोन बोंडं आणि डोक्यावर दोन भोकं. एकीची बोंडं दुसरीच्या भोकात दाबली की पच्चकन आवाज यायचा आणि भिंत उभी राहायची. मग ती ओढा, हलवा, टेबलावरून खाली पाडा, भिंत काही मोडत नसे. साहेबाच्या मुलीचं खेळणं होतं ते. सोबत पुठ्ठ्याचा एक पट होता, रंगीत घरं आखलेला, एक फासा, आणि नियमांचा छापील कागद. फासा टाकायचा, पटावर पुढं जायचं, ज्या घरात पडाल तिथं लिहिलेल्या तेवढ्या विटा उचलायच्या आणि आपलं घर बांधायचं. ज्याचं धुराडं आधी चढलं तो जिंकला. मधे कुठं वादळ होतं, कुठं आग. तिथं पडलं की भिंत काढून परत खोक्यात.

नियमांचा अर्धा कागद वाळवीनं खाल्ला होता. आग लागायचा नियम शाबूत होता, विझवायचा वाळवीच्या पोटात गेला. त्यामुळं आमच्या क्लबात कोणाचंच घर कधी पुरं झालं नाही. ज्यांच्या क्वार्टरचं छप्पर बारा महिने गळत होतं ते कारकून संध्याकाळी दिव्याखाली बसून विलायती घरं बांधायचे आणि जाळायचे. पुढं फासा त्या म्हाताऱ्या कुत्रीनंच गिळला, ती जुन्या सवयीनं क्लबात आली होती. दोन दिवस ऑफिसची माणसं आळीपाळीनं तिच्या मागे काडी घेऊन फिरली. फासा मिळाला नाही. मग कवड्या आल्या आणि खेळ आमचा झाला.

या खेळातले उस्ताद म्हणजे गुणवंतराव. चांद्याचे, जटपुरा गेटाजवळचे, खाणीचे हजेरीबाबू. कोण कामावर आलं, कुठं गेलं, कधी वर आलं, हे सगळं त्यांच्या ताब्यात. मोडलेला डाव त्यांना आठवडाभर विटेविटेनं आठवायचा. हजेरी मात्र आठवत नसे. कोणी त्याबद्दल बोललं तर ते म्हणायचे, "हाजरी तं रोजचीच राह्यते, भाऊ. डाव रोज नवा राह्यते."

गोऱ्याच्या जागी सबनीस साहेब आले. पुण्याकडचे, हुशार, स्वभावानं वाईट नव्हते. एकच पंचाईत होती. खाणीत उतरले की त्यांना धाप लागायची. माणसं उतरवणारा पाळणा खाली जायला लागला की ते डोळे मिटून घ्यायचे आणि वर आल्यावर खालच्या परिस्थितीबद्दल फार छान बोलायचे. त्यांनी क्लबात त्या विटा पाहिल्या आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खाणीत उतरायची गरजच काय, खाणच वर आणली तर?

हजेरीच्या खोलीत एक मोठं टेबल होतं. त्यावर त्यांनी खाण मांडली. आता, कोळसा काढताना मधे मधे कोळशाचेच जाड खांब ठेवतात, वरचं छत त्यांच्यावर असतं. खांबांच्या मधून गल्ल्या जातात. एखाद्या भागातला कोळसा संपत आला की मग ते खांबही थोडे थोडे तासून काढतात, कारण शेवटी खांब म्हणजेही कोळसाच. कोणता खांब किती तासायचा आणि कधी तिथून पळायचं, यातच खाणवाल्याची सगळी कमाई आणि सगळं मरण. साहेबांनी एकेका खांबासाठी रबरी विटा एकीवर एक दाबून बसवल्या, वर पातळ फळ्यांचं छत टाकलं. फळी उचलली की आतली गल्ली दिसायची.

खाणीला दोन बाजू होत्या, एक वरच्या नाल्याकडची आणि एक पूर्वेची; नाल्याकडची मांडून झाली आणि रबरी विटा संपल्या. पूर्वेची बाजू तशीच उघडी राहिली. मग गफ्फार मिस्त्रीला बोलावलं. गफ्फार खाणीचा सुतार. त्यानं सागाच्या तुकड्यांच्या विटा कापल्या, गेरूनं रंगवल्या, आणि पूर्वेचे खांब उभे केले. दिसायला अगदी विलायतीसारखे. फक्त त्यांना बोंडं नव्हती न भोकं.

साहेब रोज सकाळी छडीनं एकेक खांब काढून पाहायचे, छत टिकतं का. नाल्याकडच्या रबरी विटा एकमेकींत अशा रुतलेल्या की एखादा खांब काढला तरी बाकीच्यांवरची फळी ढिम्म हलत नसे. पूर्वेला मात्र एक वीट सरकवली की धडाम. सगळी फळी खाली. पुन्हा मांडलं, पुन्हा धडाम.

साहेबांनी गफ्फारला बोलावून फैलावर घेतलं. म्हणाले, हे असं घरगुती काम इथं चालणार नाही, विलायती माल बघा आणि तुमचा बघा. गफ्फार बिचारा शरमला. त्याला वाटलं खरंच आपला हात बिघडला. त्यानं रात्रभर सरस शिजवला आणि पूर्वेच्या सगळ्या विटा एकमेकींना आणि टेबलाला पक्क्या चिकटवून टाकल्या. दुसऱ्या दिवशी साहेबांनी छडी मारली. काही पडलं नाही. साहेब खूश झाले आणि पूर्वेचे खांब आणखी तासायचा हुकूम खाली गेला.

वरून तपासणीचे एक मोठे साहेब आले होते. त्यांनी टेबलाभोवती एक चक्कर मारली, फळ्या उचलून आत वाकून पाहिलं, कोंबडीचं जेवण घेतलं आणि सगळं उत्तम आहे म्हणून गाडीत बसले. खाली जायचं कोणी काढलंही नाही. वरच इतकं स्वच्छ दिसत होतं.

माणसांसाठी गफ्फारनं सागाच्या खुंट्या केल्या, बोटाच्या पेराएवढ्या, प्रत्येकीवर एकेकाचं नाव. खालच्या टोळीवर देखरेख ठेवणाऱ्याला आमच्याकडे सरदार म्हणतात. सरदारानं पाळीच्या सुरुवातीला टेलिफोन करून सांगायचं, अमका पूर्वेला, तमका नाल्याकडं, आणि गुणवंतरावनं खुंट्या त्या त्या गल्लीत ठेवायच्या. काही झालंच तर कोण कुठं आहे ते वर बसून दिसावं. कल्पना चांगली होती. साहेबांच्या सगळ्या कल्पना चांगल्याच असायच्या.

आता टेबलावर गल्ल्या आहेत, गल्ल्यांत खुंट्या आहेत, खिशात कवड्या आहेत, दुपारी साहेब जेवून झोपलेले आहेत आणि समोर गुणवंतराव बसलेले आहेत. काय होणार ते सांगायला पाहिजे असं नाही. विटा गेल्यामुळं क्लबातला विलायती पट धूळ खात पडला होताच, महिनाभरात हजेरीच्या खोलीत नवा खेळ सुरू झाला. नियम आमच्याच लोकांनी केले. फळ्या काढून ठेवायच्या आणि कवड्या पडतील तितके खांब ओलांडायचे. एका गल्लीत दोन खुंट्या एकाच खांबाशी आल्या की मागून येणारानं पुढच्याला मारायचं, मेलेल्यानं पाळण्याशी परत जायचं. मधे कोणी बसला असेल तर त्याला ओलांडता येत नाही. खेळ संपला की गुणवंतराव सगळ्या खुंट्या पाळीप्रमाणं जागच्या जागी ठेवायचे. कधी चुकल्याचं कोणाला आठवत नव्हतं. पण तपासून पाहिल्याचंही कोणाला आठवत नव्हतं.

त्यांची आवडती खुंटी होती डोमाची. डोमा सावली गावाकडचा, धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, वाढलेला, ताडासारखा उंच माणूस. खाली छताला लाकडी टेकू लावायचं काम करायचा. दिवसभर वाकून वाकून त्याची अशी सवय झाली की घरीही तो आढ्याखाली मान वाकवूनच चालायचा. त्याची बायको कमळा वर कोळसा निवडायला होती. ती त्याला म्हणायची, "घर आपलं हाये, जरा उभं राहून पाह्य." तो म्हणायचा, "राह्यलो असतो, पन वर आभाय हाये का छत, आता समजतच नाई." गफ्फारनं गमतीनं त्याची खुंटी बाकीच्यांपेक्षा लांब केली होती. ती हातात चांगली बसायची, म्हणून गुणवंतराव तिच्यानंच खेळायचे आणि तिच्यानंच जिंकायचे.

हे सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं. चहाच्या टपरीवर डोमाची थट्टा व्हायची, की आज तू तीन माणसं मारली. डोमा म्हणायचा, मारली असतील, मग त्याची हजेरी वेगळी मिळते का विचारून सांगा. कमळाला मात्र हे आवडत नसे. नवऱ्याच्या नावाची खुंटी कोणी कवड्यांवर फिरवते, कोणाला मारते, हे तिला बरं वाटत नव्हतं. तिनं एकदा गुणवंतरावला तसं सांगितलंही. ते हसले आणि म्हणाले, "बाई, तुया नवरा माह्या हातात लय सुखी हाये. खाली घाम गाळते, वर राज्य करते."

ज्या दिवशी खाली छत खचून बसलं त्या दिवशी सरदार होता मुखरू. पाळी सुरू झाली तेव्हा त्यानं टेलिफोन केला, गुणवंतरावनं खुंट्या ठेवल्या. पूर्वेचे खांब तासणं चालू होतं, तासणारे यायच्या आधी तिथं टेकू लावायला त्यानं डोमाला धाडलं. अशा जागी माणूस असला की सरदारानं तिथंच उभं राहायचं असतं, छताचा आवाज ऐकत. तो कायदाच आहे. मुखरू थोडा वेळ उभा राहिला. मग त्याला आठवलं की काल आपला डाव अर्धा राहिला. दिव्याची काच फुटली म्हणून सांगून तो वर आला आणि गुणवंतरावसमोर बसला.

डाव रंगात आला होता. गुणवंतरावनं डोमाची खुंटी पाळण्यापासून फिरवत नाल्याकडच्या गल्लीत आणली होती, मुखरू खेळत होता ती त्याची शेवटची खुंटी तिथं अडकली होती. कवड्या टाकल्या. तेवढ्यात जमिनीखालून आवाज आला. मोठा नाही. कोणी पोटात लाथ मारावी तसा. कपातला चहा थरथरला, टेबल हललं आणि सगळ्या खुंट्या लोळल्या. पूर्वेच्या सरस लावलेल्या विटा जिथल्या तिथं उभ्या होत्या.

मुखरू उठला आणि पळत पाळण्याकडं गेला.

खालून माणसं येऊ लागली, धुळीनं राखेसारखी झालेली, खोकत, एकमेकांना धरून. इसरूला पाळण्याच्या वाटेवरून उचलून आणलं, डोकं फुटलेलं, शुद्ध नाही. त्या पाळीला डोमासोबत तोच होता, पण हे मुखरूशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. त्याला ट्रकमधे घालून चांद्याच्या दवाखान्यात धाडलं. बाकी सगळे आले. डोमा आला नाही. कोणाला विचारलं तर कोणी त्याला पाहिलं नव्हतं. खाली प्रत्येक जण आपल्या भोकात असतो आणि धूळ उडाल्यावर तर स्वतःचा हातही दिसत नाही. छत दोन जागी बसलं होतं. पूर्वेची गल्लीही बंद झाली होती आणि त्या धक्क्यानं नाल्याकडचीही. डोमा दोन्हींपैकी एकीच्या मागं होता. खोदायला माणसं एवढीच, की एका वेळी एकच ढिगारा निघेल.

सबनीस साहेब झोपेतून उठून आले, एका पायात बूट, एका पायात चप्पल. पण डोकं शांत ठेवलं त्यांनी. म्हणाले, घाबरू नका, आपल्याकडे टेबलावरचा पट आहे. गुणवंतराव, कोण कुठं होतं ते दाखवा.

गुणवंतराव टेबलाशी बसले. त्यांनी डोळे मिटले, आठवलं, आणि एकेक खुंटी उचलून ठेवत गेले. न चुकता, न थांबता. शेवटी त्यांनी डोमाची लांब खुंटी उचलली आणि नाल्याकडच्या गल्लीत ठेवली.

मुखरू तिथंच उभा होता. त्यानं पाहिलं. त्यानं डोमाला कुठं धाडलं ते त्याला ठाऊक होतं. नाल्याकडं साधं काम असायचं, तिथं सरदार हजर नसला तरी चालतं. पूर्वेला चालत नाही. तो काही बोलला नाही. त्यानं नंतर कधीतरी सांगितलं की त्याला त्या वेळेस वाटलं, गुणवंतरावच बरोबर असतील, आपणच विसरलो असू. माणसाला जे वाटायला पाहिजे ते लवकर वाटते.

कमळा तोवर खोलीच्या दारात आली होती. हात कोळशानं काळे, पदर कमरेला खोचलेला. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "तो नाल्याकडं नाई, साहेब. पूर्वेले हाये."

साहेबांनी विचारलं, कशावरून.

"नाल्याकडं वरून पानी गयते. तिकडं जाचं असलं तं तो डोक्यावर घ्याले पोत्याची खोय घेऊन जाते. खोय घरी टांगली हाये."

मुखरू खाली पाहत म्हणाला, विसरला असेल. साहेब तिला समजावून सांगायला लागले, चांगल्या शब्दांत. बाई, तुमचं दुःख मी समजू शकतो, पण आपल्याला अंदाजानं चालून चालणार नाही, आपल्याकडे शास्त्रीय व्यवस्था आहे. ती म्हणाली, मग दोन्हीकडं खोदा. साहेब म्हणाले, दोन्हीकडं खोदलं तर दोन्हीकडं उशीर होईल. हे त्यांचं म्हणणं खरं होतं. खोटं असं त्या दिवशी कोणीच फारसं बोललं नाही.

तरी तिचं समाधान व्हावं म्हणून साहेबांनी पटावर पाहायचं ठरवलं. पूर्वेला छत किती आतपर्यंत बसलं असेल, ते त्यांनी विटा काढून पाहायचं म्हटलं. छडी लावली. वीट निघेना. हातानं ओढली. निघेना. साहेबांच्या हाताखालच्या ओव्हरसियरनं टेबलाला पाय लावून जोर केला. गफ्फारचा सरस चांगला होता. साहेब कपाळ पुसत म्हणाले, पूर्वेची बाजू मजबूत दिसते, तिथं फार पडझड झालेली नसणार. नाल्याकडं खोदा.

खोदलं. संध्याकाळपर्यंत खोदलं, पाळी बदलून पुन्हा खोदलं. आमच्या माणसांनी हातचं काही राखलं नाही, हे सांगायला पाहिजे. कमरेइतक्या पाण्यात उभे राहून दगड उपसले. गफ्फार टेकू कापून देत होता, त्याच्या हाताला फोड आले. ढिगारा पार झाला तेव्हा मागं एक मेलेला उंदीर होता, पाण्यावर तरंगणारी कोणाची तरी भाकर होती आणि दोन वर्षांमागं जिच्या चोरीचा आळ स्टोअरवाल्यानं एकावर घेतला होता ती कुदळ होती. कुदळीबद्दल तिथंच, त्या पाण्यात, थोडा वाद झाला.

मग साहेब म्हणाले, डोमा गल्लीच्या आणखी आत असेल. आणखी खोदा.

दुसऱ्या दिवशी सकाळीही कमळा दारातच होती. बायांनी आणलेला चहा तिच्यापुढं निवून गेला. गफ्फार खालून आला, भिंतीला टेकून बसला. तिनं त्याला विचारलं, तिकडं काही आहे का. गफ्फारनं मान हलवली.

"भाभी, मैं झूट नई बोलत," तो म्हणाला. "वहाँ कुछ नई. पानीच पानी हाये."

कमळा उठली. खोलीत साहेब होते, ओव्हरसियर होता, मुखरू कोपऱ्यात होता, आणि टेबलाशी गुणवंतराव. रात्रभर ते तिथंच बसून होते, पटाकडं पाहत, जणू पाहत राहिलं की खुंटी बोलेल. कमळा सरळ टेबलाशी गेली. तिथं हात लावायची कोणाला परवानगी नव्हती. तिनं नाल्याकडच्या गल्लीतून लांब खुंटी उचलली आणि पूर्वेच्या गल्लीत, पार टोकाला नेऊन ठेवली.

गुणवंतरावच्या तोंडून निघून गेलं, "तशी चाल नाई होत, बाई. मधात इसरू बसला हाये."

बाहेर कोळशाचा टब रुळावरून गेला.

साहेबांनी हळूच विचारलं, "चाल?"

गुणवंतराव टेबलाकडं पाहत होते. इसरूची खुंटी त्यांनीच ठेवली होती, पूर्वेच्या तोंडाशी. मग त्यांनी नाल्याकडच्या रिकाम्या जागेकडं पाहिलं, तिच्यापुढं अडकलेल्या मुखरूच्या खुंटीकडं पाहिलं, आणि आम्ही त्यांचा चेहरा बदलताना पाहिला. त्यांना आठवलं होतं. सगळं विटेविटेनं आठवलं होतं, तसंच जसं काल आठवलं होतं.

"मीनं पाळी नाई मांडली," ते म्हणाले. "मीनं डाव मांडला."

साहेबांना कळायला थोडा वेळ लागला. कमळाला लागला नाही. ती मुखरूकडं वळली. मुखरू भिंतीला घासत खाली बसला.

"मीनंच धाडलं होतं त्याले पूर्वेले," तो म्हणाला. "मी तिथं नव्हतो, म्हून बोललो नाई. मी इथी होतो."

"इथी काऊन?" कमळा म्हणाली.

त्याचं उत्तर टेबलावरच होतं. कवड्या अजून तिथंच पडल्या होत्या, कालच्या टाकलेल्या. ओव्हरसियरनं त्या उचलून खिशात घातल्या. का घातल्या ते त्यालाही सांगता आलं नसतं.

मग सगळी माणसं पूर्वेकडं गेली. या वेळेस साहेबही खाली उतरले, कोणी म्हटलं नसताना. पाळण्यात डोळे उघडे ठेवून. पूर्वेचा ढिगारा पाहिल्यावर गफ्फारनं त्यांच्या तोंडाकडं पाहणं टाळलं. ढिगारा लहान होता. नाल्याकडच्याच्या निम्माही नव्हता. पाणी नाही, चिखल नाही, कोरडे दगड. तासलेल्या खांबांचे पापुद्रे सुटून खाली आले होते आणि गल्लीचं तोंड बुजलं होतं, एवढंच. माणसं जोरात खोदायला लागली. मधे एकदा गफ्फारनं सगळ्यांना थांबवलं आणि कान लावला. मग म्हणाला, खोदा.

दुपारपर्यंत पलीकडं हात गेला. गफ्फारचाच. त्यानं चाचपलं आणि त्याच्या हाताला दुसरा हात लागला. गरम नव्हता.

डोमा ढिगाऱ्याला लागूनच होता, गुडघ्यांवर, डोकं दगडांत. मागं गल्ली चांगली मोकळी होती. छत तिथं बसलंच नव्हतं. त्यानं स्वतः लावलेले टेकू उभे होते. पण हवा यायला कुठून जागा नव्हती, आणि दिवा केव्हाचा विझून गेला होता. आपल्या बाजूनं त्यानं दगड उपसून मागं नीट रचले होते, एकावर एक, घाईत माणूस रचत नाही तसे. गफ्फारचा हात पोचला तेव्हा दोघांच्या मधे हातभर दगडच उरले होते.

त्याला वर आणलं. पाळण्याजवळच्या शेडमधे ठेवलं. उंच माणूस, पटकुराबाहेर पाय राहत होते. कमळा त्याच्याजवळ बसली. रडली नाही, निदान तेव्हा नाही. तिनं आधी त्याची मान सरळ करायचा प्रयत्न केला, ती होईना.

खाणीचा डॉक्टर सुट्टीवर होता, कंपाउंडर आला. त्यानं पापण्या उचलल्या, छातीला कान लावला, आणि साहेबांकडं पाहिलं. साहेब भिंतीशी उभे होते, कपड्यांना सगळा कोळसा. साहेबांनी त्याच्याकडं पाहिलं. कंपाउंडर चांगला माणूस होता, पोरांना फुकट गोळ्या द्यायचा. तो खाली वाकला आणि कमळाला हळू आवाजात म्हणाला, "बाई, मनाले लावून घेऊ नका. छत बसलं त्याच घडीले गेला तो. जागच्या जागी. काई समजलंही नसन त्याले."

साहेबांनी डोळे मिटले. सगळ्या शेडमधे जरासं सैल झालं, पाऊस थांबल्यावर होतं तसं. खरंच तर, त्याच घडीला गेला असेल तर मग काल काय आणि आज काय, नाल्याकडं काय आणि पूर्वेला काय. गुणवंतरावनं तर मान उचलली आणि आल्यापासून पहिल्यांदा डोमाच्या तोंडाकडं पाहिलं.

कमळानं पदराचं टोक तोंडात ओलं केलं आणि डोमाचा हात मांडीवर घेऊन पुसायला लागली. कोळसा निघाला. खाली कातडं नव्हतं. बोटांची टोकं हाडापर्यंत गेली होती, नखं एकही नाही, आणि रक्त सुकून त्यात दगडाची भुकटी रुतली होती. तिनं तो हात उचलून कंपाउंडरपुढं धरला.

"त्याच घडीले गेला म्हनता," ती म्हणाली. "मंग एवढं खोदलं कोनं?"

कंपाउंडरनं हाताकडं पाहिलं. मग आपल्या पिशवीकडं पाहिलं, तिच्यात काही शोधायला लागला आणि शोधतच राहिला. कमळानं तो हात डोमाच्या छातीवर ठेवला आणि दुसरा पुसायला घेतला.